सहा फुटांच्या फळीवर मालधक्का: लहान घरात मॉडेल रेल्वे उभारण्याची क्रमवार पद्धत

मॉडेल रेल्वे नव्याने करणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. आधी सेट येतो, मग प्लाय येतो, त्या प्लायवर मावतील तसे रूळ बसतात, आणि सगळं चिकटवून झाल्यावर कळतं की सायडिंगमध्ये, म्हणजे गाडी उभी करायच्या बाजूच्या रुळावर, इंजिन आणि दोन वाघिणीसुद्धा (मालडबेसुद्धा) धड उभ्या राहत नाहीत. जागा कमी असेल तर क्रम उलटा लागतो. आधी गाडी ठरवायची, तिची लांबी मोजायची, त्या लांबीवरून रूळ ठरवायचे आणि रुळांवरून फळी.

खाली जो लेआउट दिला आहे तो ६ फूट लांब आणि १ फूट रुंद आहे, म्हणजे १८० बाय ३० सेंमी. एक मालधक्का, तीन सायडिंग, दोन पॉइंट (एका रुळाचे दोन फाटे करणारे सांधे). वन बीएचकेच्या हॉलमध्ये भिंतीलगत किंवा पुस्तकांच्या कपाटावर बसतो. यात गाडी गोल फिरत नाही, शंटिंग करते, म्हणजे मागेपुढे होत वाघिणी इकडून तिकडे लावते. गोल फिरणारीच हवी असेल तर पहिला टप्पा नीट वाचा, त्यात तुमच्या जागेचा हिशेब निघेल.

## टप्पा १: आधी गाडी मोजा

दोन प्रमाणं सहज मिळतात. एचओ म्हणजे १:८७, त्याचे रूळ १६.५ मिमी अंतराचे. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिमी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओमध्ये तो खरं तर १९.३ मिमी व्हायला हवा. पण बाजारातले रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजवरून आलेले आहेत, त्यामुळे भारतीय गाडी त्यांवर थोडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. सुरुवातीला ते मान्य करा. स्वतः १९.३ मिमीचे रूळ घडवणं हा वेगळा छंद आहे.

आता वळणाचा हिशेब. गाडी वळणावर विनातक्रार चालायला वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान अडीच पट हवी, बघायला बरी दिसायला तिप्पट. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, प्रवासी डबा बॉडीपुरता २१.३३७ मीटर. एचओमध्ये तो २४.५ सेंमी होतो. अडीच पट म्हणजे साधारण ६१ सेंमी त्रिज्या, आणि कडेची जागा धरून फळीची रुंदी १.३ मीटरच्या पुढे. म्हणजे ४ फुटी प्लायसुद्धा अपुरा. एनमध्ये हाच डबा १३.३ सेंमी, त्रिज्या ३३ सेंमी, फळी साधारण अडीच फूट रुंद. तेव्हा लहान खोलीत आयसीएफच्या डब्यांची पॅसेंजर गोल फिरवायची असेल तर एन घ्या.

सेटसोबत येणारी वळणं सहसा ३६ ते ४६ सेंमी त्रिज्येची असतात. त्यावर आखूड डबे चालतात. लांब डबे वळणात बाहेर झुकतात, कपलर (डबे जोडणारे आकडे) एकमेकांना ओढतात आणि मधला डबा उतरतो. रूळ पुन्हापुन्हा तपासून हा दोष जात नाही, कारण तो रुळात नाहीच.

सरळ फळीवर मात्र एचओ छान जमतं, तेही मालगाडी असेल तर. बॉक्सएन, म्हणजे कोळशाची उघडी वाघीण, कपलरसकट १०.७१३ मीटर, एचओमध्ये १२.३ सेंमी. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन १७.१२ मीटर, म्हणजे १९.७ सेंमी. पुढचे सगळे आकडे वाघिणीला १२.५ आणि इंजिनाला २० सेंमी धरून आहेत. तुमच्याकडची वाघीण वेगळी असेल तर आठ वाघिणी जोडून, ताणून उभ्या करा, टेपने मोजा आणि आठाने भागा. एकच वाघीण मोजू नका, कपलरमधली ढिलाई त्यात येत नाही.

सावधान: अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या सेटचा अडॅप्टर प्लगमध्ये घालण्याआधी त्याचं लेबल वाचा. 'इनपुट १००–२४० व्होल्ट' असेल तर ठीक. नुसतं '१२० व्होल्ट' असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. पिन बदलणारा कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही.

## टप्पा २: आराखडा ठरवा

या फळीवरचा आराखडा इंगलनुक नावाने ओळखला जातो. अ‍ॅलन राइट या इंग्लिश मॉडेलकाराने तो रूढ केला. एका बाजूला शंटिंग नेक, म्हणजे इंजिनाला वाघिणी घेऊन मागेपुढे व्हायला मोकळी लाइन. दुसऱ्या बाजूला तीन सायडिंग. लांब सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. नेकमध्ये इंजिन अधिक तीन वाघिणी.

खेळ असा: आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करायच्या. पाच उचलायच्या. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगमध्ये लावायची. असे क्रम ६७२० होतात. दोन पॉइंटांच्या फळीवर रोज संध्याकाळी नवा डाव मिळतो, आणि म्हणूनच कमी जागेसाठी मी गोल रुळापेक्षा हाच आधी सुचवतो.

लांबीचा हिशेब असा. पॉइंट लहान त्रिज्येचा, १८.५ सेंमी लांबीचा धरला आहे.

डावा काठ ५ सेंमी मोकळा. नेक २० अधिक ३७.५, म्हणजे ५७.५. पहिला पॉइंट १८.५. त्यानंतर फाउलिंगसाठी (ते काय, हे पुढे येतं) १० सेंमी. मग लांब सायडिंगच्या पाच वाघिणी ६२.५. उजवा काठ ५. एकूण १५८.५ सेंमी.

दुसरा पॉइंट पहिल्याच्या वळत्या फाट्यावर लगेच बसतो आणि त्यातून दोन आखूड सायडिंग फुटतात. ती बाजू मोजली तर १५२ सेंमी भरते. म्हणजे लांब बाजू धरली तरी १८० सेंमीत २१.५ सेंमी उरतात.

ते उरलेले २१.५ सेंमी जपा. तिथे चौथी सायडिंग घालायचा मोह प्रत्येकाला होतो. पण काठावर डेड एंड (रूळ संपतो तिथला अडसर) आणि त्यामागे थोडी जमीन नसेल तर रूळ फळीवरून कापल्यासारखा दिसतो, आणि बोटं जायला जागाही राहत नाही. सायडिंगची लांबीही वाढवू नका. नेकमध्ये चौथी वाघीण मावली की कोडं सुटायला सोपं होतं आणि आठवडाभरात कंटाळा येतो.

फाउलिंगबद्दल: खऱ्या स्टेशनात दोन रुळांच्या मध्ये फाउलिंग मार्क असतो. त्याच्या अलीकडे डबा उभा राहिला तर शेजारच्या रुळावरची गाडी त्याला घासते. लहान लेआउटवर सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच. पॉइंट संपला की सायडिंग सुरू झाली असं धरू नका. १२ अंशांच्या पॉइंटला एचओमध्ये पुढे साधारण १० सेंमी गेल्यावरच दोन वाघिणी शेजारी मोकळ्या उभ्या राहतात.

## टप्पा ३: कागद जमिनीवर, पूर्ण आकारात

चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढलेला पॉइंट नेहमी खऱ्यापेक्षा लहान निघतो. हात आपोआप तीव्र कोन काढतो. म्हणून पूर्ण आकाराचा आराखडा करा. ब्राउन पेपरचा रोल जमिनीवर पसरा, १८० बाय ३० सेंमीची चौकट आखा. पॉइंटचे पूर्ण आकाराचे नकाशे काही कंपन्या छापण्यासाठी देतात. ते छापताना प्रिंटरवर 'शंभर टक्के' निवडा, 'पानात बसवा' नको. छापून झालं की नकाशा फूटपट्टीने मोजा. १८.५ चा १७.८ भरला तर फेकून द्या.

कागदावर वाघिणी आणि इंजिन प्रत्यक्ष ठेवा आणि हाताने ढकलत एक पूर्ण डाव खेळा. रूळ विकत घ्यायच्या आधी. अर्ध्या तासात कळतं की हात कुठे अडतो, कुठली वाघीण फाउलिंगवर येते.

याच कागदावर फळीचा जोड ठरवा. लेआउट उचलून ठेवता यावा म्हणून बहुतेक जण दोन फळ्या करतात आणि सरळ मधोमध, ९०-९० सेंमीवर जोड घेतात. मीही तेच केलं होतं. आता वरचा हिशेब पाहा: पहिला पॉइंट ६२.५ ते ८१ सेंमी, दुसरा ८१ ते ९९.५. म्हणजे ९० सेंमीचा जोड बरोबर दुसऱ्या पॉइंटच्या पोटात. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांखाली फळी दोन तुकड्यांत होती. फळ्या जोडताना अर्धा मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाला तरी पातं मुख्य रुळाला टेकत नसे, मध्ये नखाएवढी फट राही आणि वाघिणीचं पुढचं चाक प्रत्येक वेळी त्या फटीत शिरे. दीड महिना मी पॉइंट बदलत होतो. शेवटी फळीच बदलली.

जोड १०५ सेंमीवर घ्या. एक फळी १०५, दुसरी ७५. तिथून तीन साधे रूळ जातात, आणि रूळ जोडावरून शक्य तितके सरळ नेता येतात.

तपासणी: कागदावर तीन खुणा लाल पेनाने केल्यात का? जोडाची रेघ, फाउलिंगच्या जागा, आणि पॉइंटच्या पात्यांखाली (ती खालून हलवण्यासाठी) भोक पडणार ती जागा. भोकाच्या जागेखाली चौकटीची आडवी पट्टी येता कामा नये.

## टप्पा ४: फळी

९ मिमी प्लाय, खाली २ बाय १ इंचाच्या पाइनच्या पट्ट्या उभ्या लावून चौकट, दर ३०-३५ सेंमीला एक आडवी पट्टी. प्लाय दुकानातच मापाने कापून घ्या, त्यांची करवत सरळ चालते. आडव्या पट्ट्यांना मधोमध १५ मिमीचं भोक आताच पाडून ठेवा, वायरी तिथून जातील. नंतर उलट्या फळीखाली ड्रिल धरणं फार त्रासाचं होतं.

प्लायच्या वरच्या, खालच्या आणि कडेच्या सगळ्या बाजूंना प्रायमर किंवा वॉर्निशचे दोन हात द्या. लोक फक्त वरची बाजू रंगवतात. मग जुलैत खालची बाजू ओल ओढते, वरची ओढत नाही, आणि फळी पापडासारखी वाकते. कोकणात आणि मुंबईत तर हे हमखास.

वर ३ मिमीची कॉर्क शीट पांढऱ्या फेविकॉलने चिकटवा. आवाज कमी होतो आणि पिना सहज जातात. डोंगर-उतारासाठी थर्माकोल वापरणार असाल तर त्यावर रबरी वासाचा सॉल्व्हंटवाला गोंद लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. तिथेही पांढरा फेविकॉलच.

फळीची उंची जमिनीपासून ११० ते १२० सेंमी ठेवा. उभं राहून कोपर टेकेल इतकी. टेबलाच्या उंचीवर ठेवलेला लेआउट छतावरून पाहिल्यासारखा दिसतो.

तपासणी: लांब पट्टी फळीवर तिरकी, आडवी, उभी ठेवा आणि पलीकडे टॉर्च धरा. पट्टीखालून उजेड आला तर तिथे फळी बसली आहे. रूळ लावायच्या आधी ते दुरुस्त करा.

## टप्पा ५: रूळ

पॉइंट आधी बसवा, मग साधे रूळ. उलट केलं तर शेवटचा पॉइंट जबरदस्तीने कोंबावा लागतो. कागदाचा आराखडा फळीवर पसरून पॉइंटच्या जागा टाचणीने टोचून घ्या. पात्यांखालचं भोक पाडा.

रूळ आत्ता चिकटवायचे नाहीत. बारीक पिनांनीच धरा, आणि पिन ठोकताना स्लीपर खाली वाकणार नाही एवढ्यावर थांबा. जास्त ठोकली की स्लीपर मध्ये दबतो आणि रूळ एकमेकांकडे ओढले जातात. डोळ्याला दिसत नाही, चाकांना कळतं.

फ्लेक्सी (हवे तसे वाकवता येणारे) रूळ कापल्यावर टोकाची खर कानशीने काढा, वरून, बाजूने आणि खालून. जॉइनर, म्हणजे दोन रूळ जोडणारी पत्र्याची क्लिप, रुळाच्या खाली नीट सरकला आहे ना, हे बोटाने पाहा. तो कधी कधी रुळाखाली न जाता बाजूला चढतो आणि तिथे पायरी तयार होते. दोन रुळांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा. उन्हाळ्यात रूळ थोडे वाढतात, पावसाळ्यात लाकूड हलतं. फट नसेल तर रूळ बाजूला फुगतो.

फळ्यांच्या जोडावर रुळांची टोकं भक्कम हवीत. दोन्ही फळ्यांच्या काठावर पितळेचे स्क्रू लावा, त्यांच्या डोक्यांवर रूळ डाग देऊन (सोल्डर करून) पक्के करा आणि दोन्ही फळ्या बोल्टने घट्ट जोडलेल्या असतानाच रूळ करवतीने कापा. आधी कापून मग जुळवत बसू नका.

तपासणी: मोबाइलचा कॅमेरा रुळाच्या पातळीवर आडवा ठेवून लांबून फोटो काढा. वरून सरळ दिसणारा रूळ त्या फोटोत नागमोडी निघतो.

## टप्पा ६: वायरिंग

इथे साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर धरला आहे. एक इंजिन, दोन वायरी.

पॉइंटचे दोन प्रकार. एकात क्रॉसिंगचं नाक, म्हणजे दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो टोकदार भाग, मॉडेलवाल्यांचा फ्रॉग, प्लास्टिकचा असतो. दुसऱ्यात तो धातूचा आणि विजेचा असतो. लहान इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर अडखळतं, म्हणून मी धातूचा घ्यायला सांगतो. पण त्यासोबत एक नियम येतो: फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर लावायचे. हे जॉइनर रूळ टाकतानाच लागतात, म्हणून आधी आणून ठेवा.

वीज नेहमी पात्यांच्या बाजूने द्यायची, म्हणजे इथे शंटिंग नेककडून. सायडिंगच्या बाजूने जादा वायर जोडायची असेल तर ती इन्सुलेटेड जॉइनरच्या पलीकडे जोडा. जॉइनर न लावता मागून वीज दिली की पॉइंट बदलताक्षणी शॉर्ट होतो. 'कंट्रोलर खराब आहे' म्हणून परत नेले जाणारे बरेच कंट्रोलर मुळात चांगलेच असतात.

प्रत्येक सुट्या रुळाला स्वतःची वायर द्या. जॉइनर सुरुवातीला वीज नेतात, वर्षभराने काळे पडतात आणि इंजिन तिथे मंदावतं. एका बाजूच्या सगळ्या वायरी लाल, दुसऱ्या बाजूच्या काळ्या. भिंतीकडचा रूळ लाल असं ठरवलं की शेवटपर्यंत तेच. डाग देताना रूळ आधी घासून घ्या, सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला लावा आणि सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांत उचला, नाहीतर स्लीपर वितळतात.

तपासणी: मल्टिमीटर बझरवर ठेवा, कंट्रोलर काढून ठेवा. लाल आणि काळ्या रुळावर टोकं टेकवा. प्रत्येक नवी वायर जोडल्यावर हे करा. आवाज आला तर चूक शेवटच्या वायरीत आहे. सगळ्या जोडून झाल्यावर तपासलंत तर शोधत बसाल.

## टप्पा ७: पंधरा दिवस फक्त चालवा

बहुतेक लेआउट इथेच बिघडतात, कारण हा टप्पा गाळला जातो. खडी आणि गवत टाकायची घाई होते. रूळ पिनांवर असतानाच पंधरा दिवस रोज डाव खेळा. वाघीण उतरली की त्या जागी कागदाची छोटी चिठ्ठी लावा, तिच्यावर वाघिणीचा नंबर आणि दिशा लिहा.

आठवड्याने चिठ्ठ्या वाचा. वेगवेगळ्या वाघिणी एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळात. एकच वाघीण जागोजागी उतरत असेल तर दोष तिच्या चाकांत. कॅलिपरने दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा, एचओमध्ये ते साधारण १४.४ मिमी हवं. कमी असेल तर चाक आसावर हलकेच फिरवत बाहेर ओढा. वाघीण फार हलकी असेल तर पोटात एखादा नट चिकटवा.

कपलर सगळ्या वाघिणींना एकाच जातीचे हवेत. नकल कपलर (खऱ्या गाडीसारखे, वळलेल्या बोटाच्या आकाराचे) असतील तर वाघिणी सोडवायला बांबूची काडी पुरते, पनीर टिक्क्याला लावतात ती. टोक दोन कपलरांच्या मध्ये वरून घालून किंचित फिरवायचं. इमारती लावताना ही काडी आणि तुमचा हात जिथून जातो ती जागा मोकळी सोडावी लागेल, म्हणून हात कुठून जातो ते याच पंधरा दिवसांत पाहून ठेवा.

पुढे जाण्याची अट: सलग तीन संध्याकाळी एकही वाघीण न उतरता डाव पूर्ण झाला पाहिजे. तोवर गोंदाची बाटली उघडायची नाही.

## टप्पा ८: खडी, मग बाकीचं

खडी मैद्याच्या चाळणीने चाळून १ मिमीच्या आतली घ्या. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून आलेल्या नदीच्या वाळूत लोहाचे बारीक कण असतात. कागदावर वाळू पसरून खालून चुंबक फिरवा, काळी रेघ हललेली दिसेल. हे कण इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ओढून घेतं आणि मोटर जाते. तेव्हा चुंबक फिरवून, धुऊन, वाळवूनच वापरा. समुद्राची वाळू नको.

कोरडी खडी रुळांत टाका, बोटाने रूळ ठोकत सारखी करा, ब्रशने स्लीपरवरची झाडा. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घालून फवारा. त्यानंतर फेविकॉल आणि पाणी समसमान, त्यातही एक थेंब लिक्विड, ड्रॉपरने सोडा. आधीचा फवारा वगळलात तर गोंदाचा थेंब खडीवर मण्यासारखा उभा राहतो आणि खड्डे पडतात. पॉइंटच्या पात्यांपाशी आणि त्यांच्या आडव्या दांडीपाशी खडी नको, गोंद तर मुळीच नको. तिथे फक्त रंग द्या. वाळायला एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन. मधे दर काही तासांनी पॉइंट हलवत राहा.

मातीचा रंग गावाप्रमाणे घ्या. कोकणातला मालधक्का असेल तर जांभ्याची लाल माती, देशावरचा असेल तर करडी-काळी. ३० सेंमी रुंदीत पूर्ण इमारत बसवू नका. गोदामाची पुढची भिंत आणि ५ सेंमी छप्पर, मागून भिंतीला टेकवलेलं, एवढ्याने काम होतं. उंच वस्तू मागे, पुढच्या काठाला काही नाही. पुढे खांब लावला की तो पहिल्या दिवशीच बाहीत अडकून तुटतो.

## टप्पा ९: राखण

रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याने पडलेल्या चऱ्यांत मळ भरतो आणि पुढच्या वेळी लवकर काळं होतं. इंजिनाची चाकंही पुसा, नुसते रूळ पुसून चाकांवरचा मळ परत रुळावर येतो.

झाकायला जुनी सुती चादर वापरू नका, तिचे तंतू आसांना गुंडाळतात. पातळ प्लायचं किंवा प्लास्टिक शीटचं झाकण करा. जून ते सप्टेंबर झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि फळ्यांच्या जोडाचे बोल्ट ऑक्टोबरमध्ये एकदा आवळून घ्या.